आधी आपला पलंग मोजा: नवजात बाळासाठी पलंगाला जोडायचा पाळणा निवडताना

बाळ यायला सहा-आठ आठवडे उरले की घरातली खरेदीची यादी वाढत जाते. त्या यादीत हल्ली बेडसाइड क्रिब असतोच: आईवडिलांच्या पलंगाला चिकटून उभा राहणारा, एका बाजूचा कठडा खाली येणारा छोटा पाळणा. कल्पना खरंच चांगली आहे. रात्रीतून तीन-चारदा दूध पाजायचं असतं, पोटावर टाके असतील तर उठून बसणंही जड जातं. अशा वेळी नुसता हात लांब केला की बाळ हाताशी लागतं.

माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी मी हा पाळणा निवडला तो फोटोंवरून. रंग आवडला, घडी सहज होत होती, चाकं होती. घरी आणून पलंगाशी लावला तेव्हा कळलं की आमची गादी बरीच जाड आहे आणि पाळणा तिला नीट टेकत नाही. मध्ये चार बोटं जातील एवढी फट राहिली. मी एका चादरीची घट्ट गुंडाळी करून त्या फटीत कोंबली आणि काम झालं असं समजले. बाळ पाच दिवसांचं असताना आम्हाला तपासायला आलेल्या परिचारिकेनं ती गुंडाळी ओढून काढली आणि विचारलं, "ही रात्री सुटून बाळाच्या तोंडाशी आली तर? आणि नाही सुटली, नुसती दबली, तर बाळ कुठे घसरेल?" त्याच दुपारी आम्ही पाळणा पलंगापासून सुटा केला, सगळे कठडे वर केले आणि तो हातभर अंतरावर ठेवला. बाळ तिथेही शांत झोपलं. दुसऱ्या खेपेला मात्र दुकानात जायच्या आधी मी टेप घेऊन आमचा पलंग मोजला.

म्हणून हा लेख टेपपासून सुरू होतो. पलंगाला जोडायचा पाळणा एकटा कधीच सुरक्षित किंवा असुरक्षित नसतो. तो आणि तुमचा पलंग मिळून जी जोडी तयार होते, ती सुरक्षित आहे का, हे बघायचं असतं. उत्तम पाळणा चुकीच्या पलंगाला लावला तर तो धोक्याचाच.

बाळ खोलीत, पण पलंगावर नको: असं का?

अमेरिकन अकॅडमी ऑफ पिडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ साली सुरक्षित झोपेच्या सूचना नव्यानं मांडल्या. त्यांचा गाभा असा: बाळानं निदान पहिले सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या, घट्ट आणि सपाट पृष्ठभागावर, पाठीवर झोपावं. झोपेतल्या अचानक मृत्यूंपैकी बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच होतात आणि त्यातही पहिल्या ते चौथ्या महिन्यात धोका सर्वांत जास्त असतो. नेमका हाच काळ या पाळण्याचा असतो.

मोठ्यांच्या पलंगावर धोका वाढतो तो गादीच्या मऊपणामुळे, उशा-पांघरुणांमुळे, आणि गाढ झोपेत शेजारच्या माणसाचं अंग किंवा हात बाळावर येऊ शकतो म्हणून. बाळाचं तोंड मऊ कापडात रुतलं तर ते स्वतःचाच सोडलेला श्वास पुन्हा आत घेत राहतं. मोठा माणूस अशा वेळी खडबडून जागा होतो. काही बाळांच्या मेंदूत जाग आणणारी ही यंत्रणा अजून पुरती तयार झालेली नसते.

"पाठीवर झोपवलं आणि गुळणी आली तर ठसका लागेल ना?" हा प्रश्न घरातली वडीलधारी माणसं विचारतातच, आणि तो काळजीतून येतो. पण बाळ पाठीवर असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. आलेलं दूध स्वतःच्या वजनानं खालीच राहतं, श्वासनलिकेत चढत नाही. पालथं झोपवलं की हेच उलटं होतं. अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर झोपवण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत अशा मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. घरात यावरून वाद होत असेल तर श्वासनलिका वर, अन्ननलिका खाली, हे चित्र कागदावर काढून दाखवा. आमच्याकडे त्याचा उपयोग झाला.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. पाळणा पलंगाला जोडलेला असला म्हणून तो शेजारी सुट्या ठेवलेल्या पाळण्यापेक्षा जास्त सुरक्षित होत नाही. जोडण्यात आहे ती सोय. सुट्या पाळण्यात सगळे कठडे उंच असतात आणि फटीचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे पुढची मापं जुळली नाहीत तर सुटा पाळणा घ्या, बाळाचं काहीच कमी होत नाही.

पहिली पायरी: टेप, कागद आणि पलंगावर बसायला एक माणूस

चार गोष्टी मोजा आणि लिहून फोनमध्ये ठेवा.

जमिनीपासून गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची. ही दोनदा मोजायची: एकदा पलंग रिकामा असताना आणि एकदा कडेला माणूस आडवा झालेला असताना. मऊ गाद्या कडेला चांगल्याच दबतात. पाळणा जुळवायचा तो रात्री तुम्ही झोपलेले असताना गादी जिथे असते तिथे, फोटोत दिसते तिथे नाही.

पलंगाच्या चौकटीचा बाहेर आलेला भाग. लाकडी पलंगांना बऱ्याचदा गादीच्या बाजूनं पट्टी असते, तीन-चार सेंटिमीटर बाहेर आलेली. पाळणा त्या पट्टीला टेकतो, गादीला टेकत नाही, आणि मधली जागा वरून मोकळी राहते. दुकानात हे कधीच लक्षात येत नाही, कारण तिथल्या नमुन्याच्या पलंगाला अशी पट्टी नसते.

पलंगाखालची मोकळी जागा. बऱ्याच पाळण्यांचे पाय पलंगाखाली सरकतात, त्यावरच त्यांचा तोल असतो. पलंग खालून बंद असेल, सामान ठेवायची पेटी किंवा खण असतील, तर असे पाय आत जाणारच नाहीत. काही पाळण्यांचे पाय अशा पलंगासाठी दुमडता येतात, पण ते त्याच मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत तसं लिहिलेलं असेल तरच.

पट्टा बांधायला जागा. पाळणा पट्ट्यांनी पलंगाच्या चौकटीला किंवा पूर्ण गादीला वेढा घालून घट्ट करतात. पट्टा कुठून जाईल, पलीकडच्या बाजूला बकल कुठे येईल, हे आधी बघा. पलंग भिंतीला चिकटलेला असेल तर तो थोडा पुढे ओढावा लागेल.

जमिनीवर गादी टाकून झोपत असाल तर जोडायचा पाळणा तुमच्यासाठी नाही. तो तेवढा खाली येत नाही. बाळाला शेजारी स्वतंत्र, घट्ट, सपाट गादी आणि भोवती मोकळी जमीन हवी.

दुसरी पायरी: फट

या लेखातला एकच भाग वाचायला वेळ असेल तर हा वाचा.

नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या सुमारे पाव भाग असतं. अंगापेक्षा डोकं मोठं आणि जड, मान मऊ. त्यामुळे बाळ फटीत जातं ते बहुधा पाय किंवा कंबर आधी. धड घसरून खाली जातं आणि डोकं वर अडकतं. मग सगळा भार मानेवर येतो, किंवा चेहरा गादीच्या कडेला दाबला जातो. बाळ रडू शकत नाही, म्हणून आवाजही येत नाही. हे लिहिताना मलाही त्रास होतो, पण फट का सहन करायची नाही हे एकदा नीट समजलं की पुढे कोणी तुम्हाला "एवढ्यानं काय होतंय" म्हणून समजावू शकत नाही.

अमेरिकेत अशा पाळण्यांवरचा इशारा साधारण असा असतो: पाळणा आणि मोठ्यांचा पलंग यांच्यात अर्ध्या इंचापेक्षा, म्हणजे १३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर पाळणा वापरू नका, आणि ती फट उशी, पांघरूण किंवा कशानंही भरू नका. १३ मिलिमीटर म्हणजे जेमतेम एका बोटाची रुंदी. मी याहून कडक नियम पाळते: करंगळी आत गेली तरी पट्टा पुन्हा आवळायचा.

फट तपासायची ती पलंग वापरात असताना. असं करा. पाळणा बांधून झाला की एकानं पलंगाच्या त्या कडेवर बसावं, झोपावं, कुशीवर वळावं, कोपरावर भार देऊन उठावं, म्हणजे रात्री दूध पाजताना होते ती प्रत्येक हालचाल करावी. दुसऱ्यानं टॉर्च घेऊन फटीकडे बघत राहावं. माणूस कडेवर बसला की गादी दबते आणि तिची वरची कड आत खेचली जाते. नेमकी त्याच वेळी फट उघडते. मग पाळण्याला पलंगापासून दूर जाईल असा कंबरेनं थोडा धक्का द्या. पट्टा ताणलेला असेल तर तो जागचा हलत नाही.

लांबीच्या तीन जागी फट बघा: डोक्याकडे, मध्ये आणि पायाकडे. एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल, असं हमखास होतं, विशेषतः पट्टा एकच असेल तर. म्हणून दोन पट्टे असलेला पाळणा मी नेहमी पसंत करते.

तिसरी पायरी: बाळ आणि पलंग यांच्यातला कठडा

जुन्या धाटणीच्या काही पाळण्यांत एक बाजू पूर्ण खाली येते आणि बाळाची गादी तुमच्या गादीशी सलग होते. दिसायला फार छान. पण मग बाळ तुमच्या पलंगावर घरंगळू शकतं आणि तुमची उशी, पांघरूण, हात त्याच्या जागेत येऊ शकतो. वेगळा पृष्ठभाग हवा हा मूळ हेतूच त्यातून निघून जातो.

युरोपातलं पाळण्यांचं मानक, ईएन ११३०, २०१९ साली सुधारलं गेलं आणि त्यात पलंगाला जोडायच्या पाळण्यांचा स्वतंत्र विचार झाला. त्यानुसार बाजू खाली केली तरी बाळाच्या गादीच्या वर किमान १२० मिलिमीटर, म्हणजे १२ सेंटिमीटर उंच अडसर राहायलाच हवा. दुकानात टेप काढा आणि हे माप घ्या, विक्रेत्याला विचारून भागवू नका. बाजू पूर्ण सपाट होणारा पाळणा असेल तर तो बाजूला ठेवा, किंमत कितीही कमी असली तरी.

आता पहिल्या पायरीतलं माप इथे कामाला येतं. खाली केलेल्या कठड्याची वरची कड तुमच्या गादीच्या पातळीला किंवा किंचित वर यायला हवी. म्हणजे बाळाची गादी तुमच्या गादीपेक्षा खोल राहते. बाळाची गादी तुमच्यापेक्षा उंच असता कामा नये. पाळण्यांची उंची टप्प्याटप्प्यानं बदलते आणि तुमचं माप दोन टप्प्यांच्या मध्ये अडकू शकतं. अशा वेळी पायांखाली पुस्तकं, लाकडी ठोकळे असं काहीही ठेवायचं नाही. दुसरं मॉडेल बघा.

कठडा खाली-वर करायची यंत्रणा दहा वेळा चालवून बघा. कुलूप लागल्याचा आवाज स्पष्ट येतो का? अर्धवट लागलं तर ते दिसतं का? एका हातानं उघडता यावं, पण नुसत्या धक्क्यानं उघडू नये. पाळणा पलंगापासून सोडवलात, किंवा खोलीत कोणी मोठं माणूस नसेल, की ती बाजू पूर्ण वर. यात अपवाद नाही.

गादी: दाबून बघा आणि बदलू नका

मोठ्यांच्या हाताला बाळाची चांगली गादी कडक लागते. आजी हमखास म्हणतात, "अगं, फळीसारखी आहे, खाली दुलई घाल." तिथे प्रेमानं पण ठाम राहायला लागतं. तळहातानं गादी दाबा आणि हात उचला. ती लगेच पहिल्यासारखी झाली पाहिजे, हाताचा ठसा राहिला तर गादी मऊ आहे. डोकं ठेवण्याच्या जागी खड्डा पडत असेल तरी तेच. मेमरी फोम नको, कारण तो अंगाचा आकार धरून ठेवण्यासाठीच बनवलेला असतो.

गादी पाळण्याबरोबर आलेलीच वापरायची. ती पातळ वाटते म्हणून वर दुसरी टाकली की दोन गोष्टी बिघडतात: बाळ वर येतं आणि कठडा तेवढा कमी उंच राहतो, आणि दोन गाद्यांच्या कडांत किंवा गादी व भिंतीत नवी फट तयार होते. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटं शेजारी-शेजारी आरामात जात असतील तर ती गादी त्या पाळण्याची नाही.

वरची चादर गादीच्या मापाची, कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली. धुतल्यावर आटली तर ती गादीची कड वाकवते, म्हणून पहिल्या दोन-तीन धुण्यांनंतर पुन्हा घालून बघा.

सपाट म्हणजे सपाटच

या बाबतीत मी थोडी हट्टी आहे, कारण इथे जाहिरात आणि वास्तव यांत सर्वांत मोठं अंतर आहे. बऱ्याच पाळण्यांचे दोन्हीकडचे पाय वेगवेगळ्या उंचीवर लावता येतात आणि "दूध बाहेर येणाऱ्या बाळासाठी डोक्याकडची बाजू उचला" असं सुचवलेलं असतं. ऐकायला पटतं. पण कलत्या जागेवर बाळ हळूहळू खाली सरकतं आणि त्याची हनुवटी छातीला टेकते. मऊ, अरुंद श्वासनलिका अशा वेळी नळी दुमडावी तशी बंद होऊ शकते. शिवाय डोकं उंच ठेवल्यानं दूध बाहेर येणं कमी होतं, याला आधार मिळालेला नाही.

अमेरिकेत २०१९ साली एका कलत्या झोपाळ्याचे सुमारे ४७ लाख नग परत मागवले गेले. त्यात झोपलेल्या ३० हून अधिक बाळांचे मृत्यू तोवर नोंदले गेले होते. त्यानंतर २०२२ च्या मे महिन्यात तिथे कायदा झाला आणि १० अंशांपेक्षा जास्त कल असलेली बाळाच्या झोपेची साधनं व कठड्याभोवती बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या, दोन्हींवर बंदी आली. लक्षात घ्या, ही उत्पादनं वर्षानुवर्षं दुकानांत उघडपणे मिळत होती. दुकानात मिळतं म्हणून सुरक्षित, असं समजून चालत नाही.

घरी तपासायला फोनमधलं लेव्हल मोजणारं साधन पुरतं. फोन बाळाच्या गादीवर लांबीत आणि मग रुंदीत ठेवा. आकडा शून्याच्या जवळ हवा. पाळणा झुलणारा असेल तर झुलवून सोडल्यावर तो आपोआप सपाट जागी येऊन थांबतो का ते बघा, आणि बाळ झोपलं की झुलण्याचं कुलूप लावा. झोळीसारख्या खोलगट तळाच्या साधनात बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी तशीच छातीकडे येते, म्हणून रात्रीच्या झोपेसाठी तेही नको.

बाळाला दूध वर येण्याचा खरोखर त्रास असेल, किंवा ते मुदतीआधी जन्मलेलं असेल, तर झोपेची स्थिती डॉक्टरांना विचारून ठरवा. पायांचे टप्पे स्वतःच्या अंदाजानं बदलू नका.

चौकट, जाळी, गज, चाकं

इथे फार वेळ लागत नाही. गजांचा पाळणा असेल तर दोन गजांतलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. थंड पेयाचा नेहमीचा ॲल्युमिनियमचा डबा त्यातून जात असेल तर अंतर जास्त आहे. जाळीचा पाळणा असेल तर जाळी ताणलेली हवी आणि तिची भोकं बारीक, बाळाचं बोट किंवा झबल्याचं बटण अडकणार नाही अशी. जाळीचा मला दिसलेला मोठा फायदा म्हणजे अंथरुणातून मान न उचलता बाळ दिसतं आणि हवा खेळती राहते. कापडी भिंती असतील तर त्या आतून फुगीर, अस्तर भरलेल्या नकोत.

चाकांना कुलूप हवं, निदान दोन्ही बाजूंना. पाळणा रिकामा असताना वरच्या काठावर आडवा दाब देऊन बघा, तो कलंडायला नको. घरात दोन-तीन वर्षांचं मोठं भावंड असेल तर हा दाब जरा जोरातच द्या, कारण ते काठाला लोंबकळणारच.

लेबल वाचायला शिका

जाहिरातीतल्या "तज्ज्ञांनी शिफारस केलेला" या शब्दांना काही अर्थ नाही. अर्थ आहे तो मानकाच्या क्रमांकाला. युरोपीय मानकाचा पाळणा असेल तर ईएन ११३० आणि पुढे २०१९ हे वर्ष शोधा, १९९६ नको. अमेरिकी असेल तर पलंगाला जोडायच्या पाळण्यांसाठी एएसटीएम एफ २९०६ आणि सुट्या छोट्या पाळण्यांसाठी एएसटीएम एफ २१९४. क्रमांक पाळण्यावरच्या कायमच्या लेबलवर असायला हवा, नुसता खोक्यावर नाही. त्याच लेबलवर मॉडेल क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असते. तिचा फोटो काढून ठेवा आणि उत्पादकाकडे नोंदणी करा, म्हणजे उत्पादन परत मागवलं गेलं तर तुम्हाला कळेल. ही पाच मिनिटं बहुतेक जण वाचवतात.

माहितीपुस्तिका विकत घेण्याआधी वाचा. बऱ्याच उत्पादकांच्या संकेतस्थळावर ती मिळते. कोणत्या प्रकारच्या पलंगाला जोडायचा नाही, गादीची किमान आणि कमाल उंची किती चालते, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमचे चार आकडे तिथे पडताळून बघा. निम्मे पाळणे इथेच गळतील आणि निवड सोपी होईल.

कोणाचा वापरलेला मिळत असेल तर

बाळाच्या वस्तू एकमेकांना देणं ही चांगली गोष्ट आहे आणि हा पाळणा तर पाच-सहा महिनेच लागतो. पण घेण्याआधी विचारा: मूळ पुस्तिका आहे का, पट्टे आणि बकल मूळचेच आहेत का, सगळे स्क्रू आहेत का, गादी हीच होती का? पट्टा हरवला म्हणून दोरी बांधलेली असेल, किंवा हरवलेल्या बोल्टच्या जागी तारेनं आवळलेलं असेल, तर नम्रपणे नाही म्हणा. मॉडेल क्रमांकावरून ते परत मागवलेलं आहे का ते शोधा. फार जुना, रंग उडालेला लाकडी पाळणा नकोच, जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आणि कडेची बाजू वर-खाली सरकणारे जुने मोठे पाळणे अमेरिकेत २०११ च्या जूनपासून विकायलाच बंदी आहे, कारण त्यांची सरकणारी बाजू निखळून बाळं अडकत होती.

घरी जोडणं आणि पहिली रात्र

पाळणा बाळ यायच्या निदान दोन आठवडे आधी जोडा. नव्या फोमला आणि रंगाला वास असतो, तो खिडक्या उघड्या ठेवून जाऊ द्या. जोडताना पुस्तिका समोर ठेवा, अंदाजानं नको. शेवटी एखादा स्क्रू उरला तर तो "जादाचा" असेल असं मानू नका.

जागा ठरवताना वर बघा: भिंतीवर फ्रेम, शेल्फ, पडद्याची किंवा ब्लाइंडची दोरी हाताच्या टप्प्यात नको. हीटर किंवा एसीची झोत थेट नको. बाळावर कपड्यांचा तुमच्यापेक्षा फार तर एक थर जास्त पुरतो. मानेमागे किंवा छातीला हात लावून बघा, तिथे घाम असेल तर थर कमी करा. हातपाय गार लागले तरी काळजी नको, नवजात बाळांचे असतातच.

मग एक सराव: चार-पाच किलो वजनाची पिशवी पाळण्यात ठेवा आणि अंधारात, झोपेत असल्यासारखं, तिला उचलून छातीशी घ्या आणि परत ठेवा. टाक्यांवर ताण येतो का, कठडा कोपराला टोचतो का, चादर ओढली जाऊन पाळण्यात येते का, हे तेव्हाच कळतं. मला या सरावातच कळलं की माझी उशी रात्री पाळण्याकडे सरकते. मी झोपायची बाजू न बदलता उशी छोटी केली आणि पांघरूण पलीकडच्या बाजूला खोचून घ्यायला लागले.

आणि दूध पाजताना डोळा लागतोय असं वाटलं तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसू नका. तिथे बाळासह झोप लागणं सगळ्यांत धोक्याचं आहे. पलंगावरच पाजा, आणि जाग येताच बाळाला त्याच्या जागी ठेवा. पाळणा शेजारी असण्याचा खरा उपयोग इथे आहे.

आत काय असावं

घट्ट बसणारी चादर आणि बाळ. उशी, मऊ खेळणी, पांघरूण, कठड्याची गुबगुबीत पट्टी, बाळाला एका जागी धरून ठेवणाऱ्या गुंडाळ्या, आणि हल्ली मिळणाऱ्या वजनदार झोपेच्या पिशव्या, यातलं काहीही नाही. थंडी असेल तर बाहीशिवाय, मापाची, वजन न भरलेली झोपेची पिशवी घाला. जुळी असतील तर प्रत्येकाला वेगळा पाळणा.

दर रात्री झोपण्याआधी अर्धा मिनिट: पट्टा ओढून बघा, कुलूप बघा, फटीवरून बोट फिरवा. पलंग झाडताना, चादर बदलताना तो थोडा हलतोच. आमच्याकडे हे काम बाळाच्या बाबांकडे होतं आणि त्यांनी ते एकही रात्र चुकवलं नाही.

थांबायचं कधी

वजनाची मर्यादा लेबलवर असते, बऱ्याचदा ९ किलो. पण बहुतेक बाळं त्याआधीच हालचालींनी पाळण्याच्या बाहेर पडतात. बाळ हात आणि गुडघ्यांवर भार देऊन उठायला लागलं, बसायचा प्रयत्न करायला लागलं किंवा काठ धरून ओढून घ्यायला लागलं, की त्या दिवसापासून हा पाळणा बंद. उद्यापासून नाही. काही बाळं चौथ्या महिन्याच्या शेवटी इथे पोचतात, काही सहाव्यात. बाळ कुशीवर वळायची चिन्हं दाखवायला लागलं की दुपट्यात घट्ट गुंडाळणंही त्याच दिवशी थांबवायचं. म्हणून मोठा, उंच कठड्यांचा पाळणा चौथा महिना लागायच्या आत घरात जोडून तयार ठेवा, त्याच खोलीत.

रिकामा झालेला छोटा पाळणा दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर पुस्तिका, पट्टे, बकल आणि सगळे स्क्रू एका पिशवीत भरून ती चौकटीला चिकटपट्टीनं बांधा, आणि तुमच्या पलंगाची उंची किती होती ते कागदावर लिहून आत टाका. एखादा भाग मोडला किंवा हरवला असेल तर पाळणा तसाच बाहेर ठेवू नका. त्याची चौकट मोडून, जाळी कापून मगच टाका, म्हणजे कुणी उचलून आपल्या बाळासाठी घरी नेणार नाही.